जुन्या गाडीचा सौदा

सांगलीच्या पेठेत पन्नास वर्षे हळदीची आडत केल्यावर अण्णांनी पेढी बंद करण्याचे ठरविले, तेव्हा खतावणीतील एकेक खाते मिटवीत ते शेवटच्या पानाशी आले. त्या पानावर थोरल्या चिरंजीवांचे नाव होते. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी हरिपूरच्या पेवांत शिरले. जमिनीखाली खोल खणलेल्या, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद अशा त्या पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. पण एकदा आत पाणी गेले की मालही गेला आणि पेवही गेले. त्या वेळी इंग्लंडमध्ये नुकतेच नोकरीत स्थिरावलेल्या चिरंजीवांनी पाच हजार पौंड पाठविले. तेव्हाच्या भावाने त्याचे सुमारे चार लाख रुपये झाले. त्यातून शेतकऱ्यांची देणी भागली आणि पेढीची पत राहिली. चिरंजीव ते पैसे दिल्या दिवशीच विसरले. अण्णांनी ते जमेच्या बाजूला लिहून ठेवले होते.

सहा महिन्यांसाठी लेस्टरला मुलाकडे जाण्यापूर्वी अण्णांनी ती रक्कम बँकेतून रीतसर त्याच्या खात्यावर पाठविली. चार लाख रुपये नव्हे, पाच हजार पौंड. कारण घेतले होते ते पौंड. मधल्या काळात रुपया घसरला तर तो भार घेणाऱ्याने सोसायचा, असा त्यांचा हिशेब. व्याज देण्याचाही त्यांचा आग्रह होता. चिरंजीव मुद्दलही घ्यायला तयार नव्हते. दोन्ही पक्ष स्वतःच्याच विरुद्ध घासाघीस करीत आहेत, असे दृश्य पेठेत सहसा पाहायला मिळत नाही. अखेर व्याज सुटले आणि मुद्दल राहिले. अनपेक्षित आलेल्या या पैशांनी चिरंजीवांच्या मनात एक जुनी इच्छा जागी केली.

ती इच्छा म्हणजे १९७२ सालची एमजीबी. छप्पर मागे घडी करून ठेवता येणारी, दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची गाडी. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन या गावी १९६२ पासून १९८० पर्यंत ती तयार होत असे. आज भारतात एमजी या नावाने ज्या मोटारी धावतात, त्यांचे नाव तेवढे जुने. त्या नावाची मालकी आता चिनी कंपनीकडे आहे. जुन्या एमजीबीचे मात्र जवळजवळ सर्व सुटे भाग अजून नवे मिळतात, आणि चाळीस वर्षे उलटलेल्या अशा गाडीला इंग्लंडमध्ये रस्ताकर पडत नाही व वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. चिरंजीवांनी या गोष्टी जेवताना सांगितल्या. अण्णा म्हणाले, "तपासणी माफ असली तरी ब्रेक माफ नाहीत ना?"

सूनबाईंचा विरोध पैशाला नव्हता. "अण्णा, पैसे एकदाच जातील," त्या म्हणाल्या, "पण रविवार दर आठवड्याला जाईल." जुन्या वस्तूच्या सौद्यात ही नोंद बहुतेक लोक करीत नाहीत. गाडी विकत घेताना किंमत ठरते; तिला लागणारा वेळ कोणी लिहून देत नाही.

चिरंजीवांनी दुसऱ्याच अंगाने प्रश्न काढला. साठाव्या वर्षी अण्णांनी परिग्रहपरिमाणाचे व्रत घेतले होते आणि घरात वाहने दोनच, अशी मर्यादा त्यात होती.

"अण्णा, तुमच्या मर्यादेत माझी गाडी मोजली जाते का?"

"व्रत माझं आहे. तुझी गाडी तू मोज." आणि थोडे थांबून त्यांनी विचारले, "बैठका चामड्याच्या आहेत का रे?"

सुरुवातीच्या गाड्यांत चामडे असे, या गाडीत रेक्झिन आहे, हे चिरंजीवांनी आधीच विचारून घेतले होते. अण्णांना ते आवडले.

विकणारे गृहस्थ मार्केट हारबरोजवळच्या एका खेड्यात राहत. निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या घरात, आता गुडघे वाकत नाहीत म्हणून गाडी विकायची. मागणी सात हजार पौंडांची. त्यांनी दोष लपविला नाही. दिवे मनाला येईल तेव्हा लागतात, दिशादर्शक दिवा दाखवीत असताना ब्रेक दाबला की दोन्ही मंदावतात, आणि पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप कधी अडला तर त्याला हलकेच ठोकावे लागते, असे त्यांनी दारातच सांगितले. बॉनेट उघडल्यावर जनित्रावरचे नाव वाचून अण्णांना हसू आले. सांगलीत त्यांच्याकडे पूर्वी स्टँडर्ड हेरल्ड होती. तिच्या विजेच्या सामानावर लुकास-टीव्हीएस असे कोरलेले असे. या गाडीवर नुसते लुकास. इंग्लंडमध्ये त्या नावावर अंधाराचे खूप विनोद आहेत. पन्नास वर्षांची दमट हवा आणि मधल्या अनेक मालकांचे हात यांचाही वाटा त्या विनोदात धरला पाहिजे.

चिरंजीव विद्युत अभियंते. त्यांनी मीटर काढला आणि तिथेच वाकले. आसनांच्या मागे, लाकडी झाकणाखाली, सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून ठेवलेल्या असतात. त्यांचा दाब साडेबाराच्या वर होता, म्हणजे ठीक. संपूर्ण गाडीला मोजून चार फ्यूज, आणि पुढच्या मोठ्या दिव्यांना तर एकही नाही. तारांचे रंग मात्र शिस्तीचे. तपकिरी तारेत सदैव वीज, पांढरीत किल्ली फिरविल्यावर, हिरवीत किल्लीनंतर फ्यूजमधून गेलेली, तांबडीत बाजूच्या व मागच्या दिव्यांची, आणि काळी तार परतीची. हे कोष्टक एकदा कळले की ती गुंतागुंत एखाद्या नीट लिहिलेल्या रोजमेळासारखी वाचता येते. जमा कुठे, नावे कुठे, आणि फरक कोणत्या पानावर पडला, ते शोधायचे.

फरक काळ्या तारेत निघाला. मागच्या दिव्याचे अंग आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मीटर लावून चिरंजीवांनी ब्रेक दाबायला सांगितले. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे होते. तीन व्होल्टहून अधिक दिसले. दिव्यापर्यंत वीज पुरेशी पोचत होती, पण परतीची वाट गंजाने अडली होती. अशा वेळी वीज शेजारच्या दुसऱ्या दिव्याच्या तारेतून वाट काढते, आणि म्हणून एकाला बोलावले की दुसरा मान टाकतो. चिरंजीवांनी पिशवीतून काळ्या तारेचे वेटोळे काढले, एक टोक दिव्याच्या अंगाला आणि दुसरे बॅटरीला चिमट्याने लावले. दिवा लखलखला. वृद्ध शिक्षकांनी टाळ्या वाजविल्या. पुढच्या भागातील सांधेही असेच काळवंडले असणार; पण ते घासता येतात, आणि अगदी वेळ आली तर तारांचा सबंध नवा संच मूळ रंगांसह काही शे पौंडांत मिळतो. शिक्षकांनी आपण होऊन पाचशे पौंड कमी केले.

चिरंजीवांच्या मनाने सौदा तिथेच झाला होता. खरेदीदाराला अवघड वाटणारा दोष त्याच्याच हातून सुटला की वस्तू अर्धी त्याची होते. पुढचे तपासणे मग त्याला नकोसे वाटते. कर्जाच्या अर्जांतही हेच पाहायला मिळते. एका शंकेचे समाधानकारक उत्तर आले की बाकीच्या शंका आपोआप नम्र होतात.

अण्णांनी घरून एक वस्तू आणली होती. नातीने स्वयंपाकघरातील फ्रिजवर लावलेले लोहचुंबक, पातळ रुमालात गुंडाळलेले. पोत्याच्या पोटातून नमुना काढणारा माणूस वरच्या मालावर भाव करीत नाही. या गाडीला वेगळी चौकट नसते, पत्र्याचे अंगच तिचा सांगाडा. आणि दारांखालून जाणाऱ्या दोन पोकळ पट्ट्यांवर, छप्पर नसल्यामुळे, गाडीचा बहुतेक जोर असतो. अण्णा शिक्षकांची परवानगी घेऊन गुडघ्यावर बसले आणि डाव्या पट्टीवरून रुमाल सरकवीत गेले. चुंबक चिकटत चिकटत गेले. उजव्या बाजूला दोन वितींपर्यंत चिकटले, मग रुमालासह घसरून खाली पडले. त्यांनी ते पुन्हा लावले. पुन्हा पडले.

"इथं लोखंड नाही," अण्णा म्हणाले. "लांबी भरून रंग दिलाय."

"ते करून घेता येईल, अण्णा. विजेचा दोष तर माझ्या हातचा आहे."

"अरे, दिवा लागला म्हणून पेव कोरडं होत नाही."

हे वाक्य दोघांपुरतेच होते. वृद्ध शिक्षकांना त्यांनी काय सांगितले ते ऐकण्यासारखे आहे, कारण पेठेत भाव पाडण्याची हीच नामी संधी असते. अण्णांनी भाव पाडला नाही. त्यांनी मुलाकडून सांगवले की माल उघडून पाहिल्याशिवाय आम्ही आकडा बोलणार नाही. तुमची हरकत नसेल तर कारखान्यात नेऊ, खर्च आमचा. शिक्षकांनाही त्या पट्टीची कल्पना नव्हती. त्यांच्या आधीच्या कोणा मालकाने ती झाकली असावी.

कारखान्यात गाडी वर उचलल्यावर फारसे बोलण्याचे कारण उरले नाही. गंजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा डागलेला, त्यावर लांबी, त्यावर रंग. आतली उभी पट्टी बोटाने सुटत होती. दोन्ही बाजू कापून नव्या बसवायच्या, बॅटऱ्यांचे खालचे खोकेही बदलायचे, तर खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडत होता. ज्या विजेच्या दोषाला सगळे भीत होते तो सर्वांत स्वस्त निघाला. स्वतःहून डोळे मिचकावून दाखवीत होता, म्हणून तो सापडला. लोखंड गप्प होते.

त्या रात्री घरी चर्चा लांबली. गाडी घेणे शक्य नव्हते असे नाही; पगार चांगला होता. चिरंजीवांनी कागदावर आकडे मांडले, सूनबाईंनी रविवार मांडले. पाच महिन्यांत अण्णांबरोबर बसून घालविलेल्या दुपारी किती, तेही कोणी तरी मोजले. तो आकडा लहान होता. अण्णांनी कोणाचीही बाजू घेतली नाही. शेवटी चिरंजीवांनी विचारले, "तुम्ही घेतली असती?"

"मी तुझ्या वयाचा असतो तर दिवा लागल्याबरोबर घेतली असती," अण्णा म्हणाले, "आणि मग रोज रात्री उठून उजवी बाजू बघितली असती."

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी शिक्षकांना नकार कळविला, आणि कारखान्याचा तपासणीचा कागदही त्यांच्याकडे पाठविला. पुढच्या ग्राहकाला तो दाखवावा, अशी विनंती केली. पाच हजार पौंड नातीच्या शिक्षणासाठी मुदतीच्या ठेवीत गेले. खतावणीचे शेवटचे पान मिटले.

अण्णांच्या परतीला थोडे दिवस उरले असताना, सप्टेंबरच्या अखेरीस, शिक्षकांचा फोन आला. शेजारच्या गावातील एक लोहारकाम जाणणारा तरुण सगळे पाहूनसवरून, निम्म्याहून कमी किमतीत गाडी घेत होता. त्याला पत्र्याचे काम येत होते, विजेचे मुळीच नाही. चिरंजीव एकदा येऊन त्याला त्या तारा समजावून देतील काय?

शनिवारी दुपारी बापलेक निघाले. सूनबाईंनी दशम्या आणि लसणाविना केलेली शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून दिली, कारण दिवे तपासायचे तर अंधार हवा आणि अण्णांचे जेवण तर सूर्यास्तापूर्वीच व्हायला हवे. त्या तरुणाबरोबर काम दीड तास चालले. दिव्यामागून नवी काळी तार नेली, प्रत्येक सांधा घासून घेतला, इंजिन व अंग जोडणारी विणलेली पट्टी बदलली. अण्णांनी विजेरी धरली होती. सहाच्या सुमारास त्यांनी हात धुतले, आणि तिघांनी कुंपणाजवळच्या बाकावर बसून दशम्या खाल्ल्या. शिक्षकांनी चटणी दोनदा मागून घेतली. मग सूर्य झाडांआड गेला. सर्वजण गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. तरुणाने दिशादर्शक लावला आणि चिरंजीवांच्या खुणेसरशी ब्रेकवर पाय ठेवला.