पारव्यांचा रोजमेळ

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर शेंद्र्याची औद्योगिक वसाहत मागे पडली की करमाड लागते. या गावात एका भुसार व्यापाऱ्याचे दुमजली घर आहे. खाली दुकान, वर राहते घर आणि त्याच्या पुढे पूर्वेकडे उघडणारी लांबट गॅलरी. घरातील थोरल्या गृहिणीला लहानथोर सारेच ‘बाई’ म्हणतात. बाईंच्या यजमानांनी चाळीस वर्षे एक नेम पाळला होता. दुकानाचे कुलूप काढण्यापूर्वी शेरभर ज्वारी गॅलरीत पारव्यांना घालायची, मगच गादीवर बसायचे. यजमान गेल्यावर हा नेम बाईंनी आपल्याकडे घेतला. ज्वारी घालायची, नवकार म्हणायचा, हात जोडायचे आणि आत यायचे. पारव्यांकडे निरखून पाहावे असे त्यांना कधी वाटले नाही. देणाऱ्याने घेणाऱ्याचे तोंड पाहू नये, असे यजमान नेहमी म्हणत.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी साथ सोडली आणि बाईंचे जिने चढणे-उतरणे थांबले. सकाळचे सामायिक आटोपले की त्या गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसू लागल्या. समोर पारव्यांखेरीज पाहण्यासारखे काही नव्हते, म्हणून त्या पारव्यांकडे पाहू लागल्या. आधी सारे सारखेच दिसत. तोच राखी रंग, पंखांवर त्याच दोन काळ्या पट्ट्या, मानेवर तीच हिरवी-जांभळी झाक. पंधरा-वीस दिवसांत मात्र एकेकाची ओळख पटू लागली. एकाच्या शेपटीत पांढरे पीस होते. एकीची मान इतरांपेक्षा फिकट होती. एकाच्या डाव्या पायाला दोरा गुंडाळला जाऊन दोन बोटे झडली होती. तो थोडा लंगडत चाले, तरी ऐट मोठी. मान फुगवून, घुमत, स्वतःभोवती गोल फिरत तो मादीपुढे वाकून वाकून जाई. नातवाने त्याचे नाव ‘मुनीमजी’ ठेवले.

यजमानांच्या कपाटात लाल कापडी बांधणीचा एक कोरा रोजमेळ होता. दुकानाचे हिशेब संगणकावर गेल्यापासून तो तसाच पडून होता. बाईंनी त्याच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिले आणि त्यात पारव्यांच्या नोंदी करायला सुरुवात केली. कोण आले, किती आले, कोणी कोणाला हुसकावले, असे सारे जमाखर्चासारखे दोन-दोन ओळींत. चिमणी पाण्याचा घोट घेऊन मान वर करते. पारवा चोच पाण्यात बुडवून मान न उचलता सलग पाणी ओढतो, ही नोंद त्यात सापडते. अंधार पडू लागला की समोर दाणा असला तरी ते उठून निवाऱ्याला जातात, हीही नोंद आहे. तिच्यापुढे बाईंनी लिहिले आहे : ‘यांना रात्रिभोजनाचा त्याग शिकवावा लागत नाही.’

नातू शाळेतून पक्ष्यांचे पुस्तक आणी आणि त्यातील माहिती आजीला वाचून दाखवी. त्यातून बाईंना कळले की पारवा हा मुळात कड्याकपारींचा पक्षी. आपल्या मुलखात देवगिरीचे कडे, वेरूळची लेणी, जुन्या दगडी विहिरींचे कोनाडे हीच त्याची घरे. माणसाने उंच भिंती बांधल्या आणि त्यांना सज्जे, कोनाडे ठेवले. पारव्याच्या दृष्टीने तो नवा कडाच झाला. मळ्यांत सांडलेले धान्य आणि गवताचे बी हे त्याचे अन्न. त्यासाठी तो कित्येक किलोमीटर उडून जातो आणि संध्याकाळी बिनचूक आपल्या कपारीत परत येतो. ‘म्हणजे आपण ज्वारी घातली नाही तरी हे उपाशी मरणार नाहीत?’ बाईंनी विचारले. नातवाकडे उत्तर होते. पण आजीचा चेहरा पाहून तो गप्प राहिला.

रोजमेळात एक आकडा मात्र सारखा वाढत होता. यजमानांच्या वेळी आठ-दहा पारवे येत. आता सकाळी साठ-सत्तर उतरत. अन्नाची हमी असली की पारवे वर्षभर अंडी घालतात, एक वीण उडाली की दुसरी. गॅलरीचा कठडा, पाण्याची टाकी, वातानुकूलन यंत्राचा पिंजरा, सारीकडे विष्ठेचे थर बसले. ते खरवडून काढण्याचे काम सूनबाईंकडे होते. रोज पहाटे कोरड्या खराट्याने त्या गॅलरी झाडत आणि पांढरी धूळ उन्हात तरंगत राही. सासूबाईंच्या धर्मकार्यात आपला हातभार, असे मानून त्यांनी कधी तक्रार केली नाही.

२०२५च्या उन्हाळ्यात सूनबाईंना कोरडा खोकला सुरू झाला. काढे झाले, औषधे झाली. खोकला हटेना आणि जिना चढताना धाप लागू लागली. जुलैमध्ये शहरातील एका छातीच्या डॉक्टरांनी तपासण्या करून पहिलाच प्रश्न विचारला, ‘घरी कबुतरे आहेत का?’ मग त्यांनी समजावून सांगितले. पक्ष्यांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची भुकटी यांतील प्रथिने श्वासावाटे आत जातात. सगळ्यांनाच त्यांचा त्रास होत नाही. पण काहींच्या शरीराला ती शत्रू वाटतात आणि फुप्फुसाला आतून सूज येते. वेळीच संपर्क थांबला तर फुप्फुस सावरू शकते. वर्षानुवर्षे चालू राहिले तर तिथे व्रण धरतात आणि ते भरून येत नाहीत. ‘औषध मी देईन,’ डॉक्टर म्हणाले, ‘पण पहिले औषध तुमच्या गॅलरीत आहे.’

मुलाने घरी येऊन हे सांगितले तेव्हा बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ज्वारी घातली, पण हात थरथरत होता.

त्याच दिवसांत मुंबईतील कबुतरखान्यांचा प्रश्न घराघरांत पोहोचला होता. मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याचे शासनाने जुलैमध्ये विधान परिषदेत जाहीर केले होते. उच्च न्यायालयात सुनावण्या चालू होत्या. ऑगस्टच्या आरंभी दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि ६ ऑगस्टला जमलेल्या लोकांनी ती ताडपत्री हटवली. बाईंची मुलगी दादरलाच दिलेली. तिचे फोन येत. शेजारच्या इमारतीत कोणी न्यायालयाच्या बाजूने, कोणी विरुद्ध. एकाच घरात बाप एकीकडे आणि मुलगा दुसरीकडे. ‘बाई, आपला धर्म काय सांगतो?’ ती विचारी. बाईंना उत्तर सुचत नसे. दूरदर्शनवर मोठमोठ्याने चाललेला वाद त्यांच्या गॅलरीत खोकल्याच्या आवाजात चालू होता.

मेघरथ राजाची कथा बाईंनी लहानपणापासून ऐकली होती. सोळावे तीर्थंकर शांतिनाथ भगवंत पूर्वभवात मेघरथ होते. ससाण्याच्या भयाने एक पारवा त्यांच्या मांडीवर येऊन पडला. ससाण्याने आपले भक्ष्य मागितले. राजाने तराजूच्या एका पारड्यात पारवा ठेवला, दुसऱ्यात आपल्या देहाचे मांस कापून घातले आणि ते पुरेना तेव्हा स्वतःच पारड्यात बसला. त्या रात्री बाईंना झोप आली नाही. कथा हजारदा ऐकली होती. पण तिच्यातील एक गोष्ट प्रथमच ध्यानात आली. राजाने मांस स्वतःचे दिले होते. राणीचे नव्हे, दासीचे नव्हे. सकाळी त्यांनी मुलाला हाक मारली. ‘मी पारड्यात कोणाला बसवले होते रे? माझ्या पुण्यासाठी तिचा श्वास दिला मी. ते दान माझे नव्हतेच.’

त्या दिवसापासून ज्वारी बंद झाली. गॅलरीला जाळी लावण्याचे ठरले, कारागीर ठरला, मापेही घेतली गेली. कोपऱ्यात दुकानाचा जुना मोडका तराजू पडला होता, तो उचलायला गेलेला कारागीर तसाच मागे सरला. खालच्या पारड्यात दहा-बारा काड्या, तारेचा एक तुकडा आणि त्यांवर दोन पांढरी अंडी होती. शेजारी मुनीमजी मान फुगवून उभे होते.

घरात पुन्हा पेच पडला. अंडी हलवली तर पारवे बहुधा घरटे सोडतात; राहू दिली तर महिना-दीड महिना गॅलरी उघडी ठेवावी लागणार. तोडगा सूनबाईंनीच काढला. ‘बाई, त्यांना कोणी हात लावू नका. पिल्ले उडेपर्यंत मी जालन्याला आईकडे राहते. डॉक्टरांनी दूर राहायला सांगितले आहे, तेही होईल आणि हेही होईल.’ बाईंनी सुनेचा हात धरला. त्यांच्या घरात सुनेने माहेरी जाणे आणि सासूने डोळे पुसणे हे तोपर्यंत घडलेले नव्हते.

गॅलरीचे दार बंद झाले, फटींना पट्ट्या लागल्या. बाई काचेमागे बसू लागल्या. रोजमेळाची सर्वांत भरगच्च पाने याच दिवसांची आहेत. सकाळी दहाच्या सुमारास मुनीमजी येत, मादी उठे, ते अंड्यांवर बसत आणि पाचच्या सुमारास मादी परत येऊन रात्रभर बसे. दुकानाची वेळ आणि त्यांची वेळ एकच. अठराव्या दिवशी पिल्ले बाहेर आली. डोळे मिटलेली, अंगावर विरळ पिवळी लव, चोच देहाला न शोभणारी मोठी. पारव्यांची पिल्ले पहिले काही दिवस दाणा खात नाहीत. आईबापांच्या गळ्याखाली अन्नाची पिशवी असते. तिच्या अस्तरातून दह्याच्या कवडीसारखे दूध तयार होते. पिल्ले आईबापांच्या चोचीत चोच घालून ते पितात. पक्ष्यांत हे फार थोड्यांना साधते आणि पारव्यांत तर ते आईइतकेच बापालाही साधते. मुनीमजी पिल्लांना दूध पाजताना पाहून बाईंनी ती गोष्ट फोनवर सुनेला सांगितली आणि दोघी बराच वेळ हसल्या.

याच दिवसांत एक हिशेब जुळला. ज्वारी थांबल्यावर पहिले चार दिवस साठ पारवे कठड्यावर बसून राहिले. बाई काचेआड तोंड फिरवून बसत. आठवड्याने चाळीस उरले, पंधरवड्याने आठ. एकही मेलेला आढळला नाही. मुनीमजींच्या गळ्याखालची पिशवी मात्र रोज भरलेली दिसे. भाद्रपदात मूग-उडदाची काढणी चालू होती. कचनेरला चिंतामणी पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाताना बाईंनी गाडी थांबवायला लावली. कापलेल्या रानात पारव्यांचा थवा चालत चालत दाणे टिपत होता. बाई म्हणाल्या, ‘हे माझ्या भरवशावर नव्हते. मीच त्यांच्या भरवशावर होते.’

शहरात चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या साध्वीजींपुढे त्यांनी मन मोकळे केले. साध्वीजींनी ना दोष दिला, ना शाबासकी. दशवैकालिक सूत्राने ज्ञानाला दयेच्या आधीचे स्थान दिले आहे, एवढेच त्यांनी स्मरण करून दिले. जो जीवाला जाणत नाही, तो त्याची यतना कशी करणार? बाईंना यजमानांचे वाक्य आठवले. देणाऱ्याने घेणाऱ्याचे तोंड पाहू नये, हे अहंकार टाळण्यासाठी खरे. पण घेणाऱ्याला काय हवे आणि देण्याची झळ कोणाला लागते, एवढे तरी पाहिले पाहिजे.

थोरले पिल्लू तेहतिसाव्या दिवशी उडाले, धाकटे पस्तिसाव्या. त्यानंतर दोन दिवस पारडे रिकामे आहे याची खात्री करून घेतली. मग तोंडाला चांगला मास्क आणि हातमोजे घालून मुलाने सारी गॅलरी आधी ओली केली, धूळ उडू न देता थर पुसून काढले आणि जाळी लागली. मुनीमजी आणि त्यांची जोडीदारीण तीन दिवस समोरच्या तारेवर येऊन बसत होती. चौथ्या दिवशी आली नाहीत. त्या दिवशीच्या पानावर काहीच लिहिलेले नाही.

सूनबाई परत आल्या. खोकला बराच उतरला आहे. धाप कमी झाली असली तरी तपासण्या चालू आहेत आणि डॉक्टरांनी अजून निर्धास्त होऊ दिलेले नाही. ज्वारीचे पैसे आता दोन ठिकाणी जातात : थोडे गोशाळेला आणि थोडे जखमी पक्ष्यांच्या उपचाराला. दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्षी रुग्णालय आपल्याच समाजाने उभे केले आणि चालवले; पंख तुटलेल्या पारव्याला दाण्यापेक्षा मलमपट्टीची गरज असते, हे तेथील लोकांना फार पूर्वीच उमगले होते. पतंगाचा दोरा रस्त्यात दिसला की नातू तो गुंडाळून खिशात घालतो. मुनीमजींची झडलेली बोटे त्याने विसरू दिलेली नाहीत.

दिवाळीत वहीपूजनाला दुकानाच्या वह्यांशेजारी तो लाल रोजमेळही ठेवला गेला. शेवटच्या पानावर बाईंनी ‘श्री शिल्लक’ लिहून पुढची जागा मोकळी सोडली आहे.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना गावाबाहेरच्या मोसंबीच्या मळ्यात घेऊन गेला. तिथे पणजोबांच्या काळातील दगडी विहीर आहे. गाडीचा आवाज होताच आतल्या कोनाड्यांतून पंचवीस-तीस पारवे फडफडत वर आले, एक मोठी गिरकी घेऊन पुन्हा आत उतरले. बाई काठापासून अंतर ठेवून खुर्चीवर बसल्या. सवयीने त्यांचा हात पदराच्या गाठीकडे गेला. गाठीत ज्वारी नव्हती. त्यांनी हात जोडले आणि ऊन कलेपर्यंत त्या पाहत राहिल्या.