वर्षाचा पास

यंदा पोरांनी हट्ट धरला, खोपोलीच्या इमॅजिकाचा वर्षाचा पास काढा! हे खेळांचे उद्यान २०१३ साली सुरू झाले. तीन खेपांत पैसे वसूल, असे थोरल्याने गणित मांडले. आम्ही त्यात राहिलेले आकडे घातले. मढहून नारायणगाव, चाकण, लोणावळा, खोपोली. चौघांचे गाडीभाडे आणि आम्हा दोघांचा बुडालेला रोज. पास फाटकापुरता, वाटेचा खर्च दर खेपेला नवा. थोरला गप्प झाला. मग त्यानेच वहीत लिहिले, "एकदाच जायचे, साध्या तिकिटावर." त्यासाठी आम्ही डबा ठेवला आहे. तोवर जवळची लेण्याद्रीची ३० लेणी आहेत. तिथे १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. वाचकहो, पास घेण्याआधी आपल्या खेपा मोजा.