पासंग

बाईंनी प्रश्नावलीच्या दुसऱ्या पानावर सगळीकडे दोन लिहिलं होतं. झोप – दोन. भूक – दोन. माणसांत मिसळणं – दोन. एक ते पाच अशी मोजणी, पाच म्हणजे त्रास सर्वांत जास्त. बेरीज केली तर आजार अगदी सौम्य. बाई मात्र अंगातला ओव्हरकोट न काढता खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या आणि हातमोज्याचा सुटलेला धागा ओढत होत्या.

नव्या मसुद्यातल्या प्रत्येक ओळीला "याचा अर्थ तुम्ही काय घेतलात?" असं रुग्णाला विचारणं हेच माझं काम होतं. विचारलं, "दोन म्हणजे काय?" बाईंनी मठ्ठ पोराकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टर, मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. दोन म्हणजे नापास!"

रशियन शाळेत पाच म्हणजे उत्तम, तीन म्हणजे कसाबसा पास आणि दोन, त्यांची ती 'द्वोयका', म्हणजे नापास. एक सहसा कुणी देतच नाही. आकड्यांचे अर्थ आम्ही पहिल्या पानाच्या डोक्यावर छापले होते. पान उलटलं की नुसते आकडे. बाईंनी स्वतःच्या झोपेला, भुकेला, अख्ख्या जगण्याला नापास केलं होतं, आणि आम्ही कागदावर 'सौम्य' लिहून मोकळे होणार होतो.

१९९३ साली संगमनेरहून मी वैद्यकी शिकायला पीटर्सबर्गला आलो तो मानसोपचारात रमलो आणि इथलाच झालो. परदेशी मोजपट्ट्या रशियन रुग्णांसाठी बसवायच्या कामात मला ओढलं गेलं, कारण माझा कान बाहेरचा होता. ज्या शब्दावरून रशियन सहकारी सहज पुढे जात, तिथे मी अडखळायचो. अडखळणाऱ्याची या कामात गरज असते. मनाचा आजार रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. हाती असतात रुग्णाचे शब्द, आणि मॅक्स हॅमिल्टनने १९६० साली उदासीनतेची मोजपट्टी केली तेव्हापासून त्या शब्दांना द्यायचे आकडे. औषध लागू पडलं की नाही, हे त्या आकड्यांवरून ठरतं.

कामाची रीत ठरलेली आहे. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, दोन्ही जुळवून एक करायचं, मग मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं. परत आलेलं मुळाशी जुळलं की सगळे खूश. मी मात्र हळूहळू त्या जुळण्यालाच भिऊ लागलो, कारण शब्दाला शब्द ठेवून केलेलं वाईट भाषांतर परतीच्या वाटेवर सगळ्यांत छान जुळतं.

झुंग या मानसोपचारतज्ज्ञाच्या १९६५च्या उदासीनतेच्या प्रश्नावलीचं पहिलंच वाक्य घ्या. त्यात मन खचल्याचं सांगताना 'निळं' वाटतं असा शब्द येतो. इंग्रजीत निळा हा उदासीचा रंग. रशियनमध्ये निळे दोन. फिकट निळा तो 'गलुबोय', आणि बोलीत त्याचा अर्थ समलिंगी पुरुष. गडद निळा तो 'सीनी', आणि बोलीत त्याचा अर्थ दारूत बुडालेला. कुठलाही निळा ठेवा, परतीच्या भाषांतरात निळा निळाच येईल. ओळ वाचणारा ट्रामचालक मात्र कागद तोंडावर फेकेल.

१९८३च्या हॉस्पिटल चिंता-उदासीनता मोजपट्टीत पोटातली फुलपाखरं आहेत, भीतीने होणाऱ्या कालवाकालवीसाठी. आपल्या पोटात अशा वेळी गोळा येतो. रशियन तरुणांच्या पोटात फुलपाखरं येतात ती प्रेमात पडल्यावर. रशियन माणसाला भीतीने ओढल्यासारखं होतं ते छातीच्या पिंजऱ्याखालच्या खळग्यात. त्या जागेला ते 'छोटा चमचा' म्हणतात. पण भूक लागल्यावरही तिथेच ओढतं. मग चिंता मोजायची की रिकामं पोट? प्रचलित रशियन रूपात म्हणून साधे शब्द आहेत: आतला ताण, थरथर. चित्र गेलं, माप राहिलं.

'तस्का' या शब्दापाशी आम्ही सर्वांत जास्त संध्याकाळी घालवल्या. हुरहूर, उदासी, कंटाळा, जीव तुटणं, सगळं त्या एका शब्दात. गावाची आठवण आली तरी तस्का, रविवारी दुपारी करमेना तरी तस्का. आणि रशियन मानसोपचारात तीच एक संज्ञाही आहे: छातीवर दगड ठेवल्यासारखं, शरीराला जाणवणारं दुःख. तिथे नैराश्याचे तस्काचं, चिंतेचं आणि निरिच्छतेचं असे प्रकार पाडण्याची जुनी परंपरा आहे. हा शब्द प्रश्नात घातला तर निरोगी माणसंही होकार देतात, वगळला तर खरा आजारी "माझं दुखणं विचारलंच नाही" म्हणतो. शेवटी रुग्णाच्या प्रश्नात तो ठेवला नाही. मुलाखत घेणाऱ्याच्या सूचनेत मात्र लिहिलं: रुग्ण तस्का म्हणाला तर विचारा, कुठे जाणवते? छातीवर हात गेला तर पुढचा आकडा वेगळा.

माझ्या मराठीचा उपयोग झाला तो अगदी अनपेक्षित जागी. 'मी दमलो' हे रशियनमध्येही बाई आणि पुरुष वेगळं म्हणतात. इंग्रजीत ही अडचणच नाही, म्हणून मसुद्यात क्रियापदागणिक कंसातलं स्त्रीलिंगी शेपूट आलं होतं. सहकारी म्हणाले, फॉर्म असेच असतात. मला मात्र घरची वाक्यं आठवली. आपण 'मी दुःखी आहे' असं कुठे म्हणतो? 'मला वाईट वाटतं', 'मला झोप येत नाही'. रशियन माणूसही घरात असंच बोलतो: 'म्न्ये ग्रूस्न', 'म्न्ये न्ये स्पीत्सा'. दुःख त्याच्याकडे येतं, झोप त्याच्याकडे येत नाही. तो स्वतः काही करत नाही. वाक्यं तशी वळवली तेव्हा कंस गेले आणि अपराधीपणाचा सूरही गेला. वाचून एक आजोबा म्हणाले, "हे आमच्यासारखं बोलतंय."

स्किझोफ्रेनियासाठी १९८७ साली आलेल्या 'पॅन्स'मध्ये तीस लक्षणं, प्रत्येकाला एक ते सात. अमूर्त विचार तपासायला त्यात म्हणींचा अर्थ विचारतात. 'परक्याच्या स्लेजमध्ये बसू नकोस' ही म्हण रशियात शाळेपासून ऐकलेली. 'नाचता येईना अंगण वाकडं'चा अर्थ आपल्याकडचं कुठलंही पोर घडाघडा सांगेल, तसंच ते. उत्तर पाठातलं असलं तर आपण विचार तपासत नाही, स्मरणशक्ती तपासतो. म्हणून सोपी, मधली आणि कमी कानावर पडलेली अशा म्हणी निवडाव्या लागतात.

त्याच मोजपट्टीत संशयीपणाही आहे, आणि तिथे शब्दांचं कसब पुरत नाही. एक गृहस्थ प्रत्येक प्रश्नाला "नर्माल्न" म्हणत, म्हणजे ठीक. निघताना दारात थबकून त्यांनी हळूच विचारलं, "हा कागद जातो कुठे?" त्यांच्या पिढीत दवाखान्याच्या नोंदवहीत नाव चढलं की नोकरी आणि गाडीचा परवाना धोक्यात यायचा. सरकारशी मतभेद असणाऱ्यांना वेडे ठरवून डांबलं जायचं. त्याच आरोपांवरून हकालपट्टी होणार अशी चिन्हं दिसताच सोव्हिएत मानसोपचारतज्ज्ञांची संघटना १९८३ साली जागतिक संघटनेतून बाहेर पडली. १९८९ साली अटींवर परत आली. रुग्णाच्या हक्कांचा कायदा झाला १९९२ साली. त्या गृहस्थांच्या प्रश्नाला संशयीपणाचे किती गुण द्यायचे? मी शून्याच्या जागी असलेला एक दिला, आणि पुढच्या मसुद्यात कागद कुठे जातो हे सर्वांत वर छापून घेतलं.

संगमनेरला वडिलांचं किराणा दुकान होतं. रोज सकाळी ते रिकामा तराजू उचलून डोळ्यांसमोर धरत. काटा कललेला दिसला की हलक्या पारड्याखाली शिशाचा तुकडा बांधत. तो पासंग. गिऱ्हाइकाला तो दिसत नसे, आणि वडील त्याच्याशिवाय पहिली पुडी बांधत नसत. इथे मी तेच करतो. वजनं कुणीतरी दुसऱ्या देशात ओतलेली असतात, त्यांना हात लावायची मुभा नाही. माझ्या हाती एवढंच, की काही न ठेवता काटा मध्ये उभा राहावा.

सुधारलेला मसुदा घेऊन त्या शिक्षिका बाईंकडे पुन्हा गेलो. आता प्रत्येक प्रश्नाखाली शब्द होते, आकडे आमच्याकडच्या तक्त्यात गेले होते. बाईंनी चष्मा लावला. पर्समधून लाल पेन काढून तिसऱ्या ओळीतला राहून गेलेला स्वल्पविराम घातला, आणि मग त्याच पेनाने झोपेखालच्या पाच पर्यायांतल्या शेवटच्यावर खूण केली. पान संपेपर्यंत कोट खुर्चीच्या पाठीवर टांगलेला होता. स्वल्पविराम पुढच्या आवृत्तीत तसाच ठेवला.