कडू भोपळ्याची लावण आणि सुकवण

हस्तकलेसाठी टिकणारा भोपळा हा भाजीच्या दुधीच्याच जातीचा असतो. शास्त्रीय नाव लॅजेनेरिया सिसेरारिया. शोभेचे म्हणून विकले जाणारे छोटे, पिवळे-हिरवे पट्ट्यांचे भोपळे वेगळ्या वंशातले. त्यांची साल पातळ, सुकताना रंगही उडतो. तंबोऱ्याचा, तारप्याचा किंवा दिव्याचा भोपळा त्यातून होत नाही. मिरजेच्या ज्या सितार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या कोरड्या हवेत पिकतात. कर्जत-खालापुरात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, म्हणून इथले गणित निराळे.

इथे जागा निवडावी ती वरकस उताराची किंवा परसातली. भाताच्या खाचरात मुळे कुजतात. बियांचे कवच टणक असल्याने त्या दिवसभर कोमट पाण्यात भिजवून मृगाच्या सुमारास उंचवट्यावर टोकाव्यात आणि वेल मांडवावर चढवावा. मांडवावर लोंबणाऱ्या फळाची मान सरळ होते, जमिनीवरचे फळ वाकते आणि पावसात सडतेही. मुख्य वेलाचा शेंडा खुडावा, कारण मादी फुले बहुतेक बगलफुटींवर येतात. पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. त्या वेळी पाऊस असला तर पतंग फिरकत नाहीत, म्हणून नर फूल तोडून हाताने परागण करणे चांगले. कोवळ्या फळात फळमाशी अंडी घालते. त्यावर क्यू-ल्यूरचे सापळे लावावेत आणि कोवळ्या फळांवर कागदी पिशव्या चढवाव्यात. मोठ्या आकारासाठी वेलावर तीन-चारच फळे ठेवावीत.

लावणीच्या हंगामाबद्दल मतभेद आहेत. टाटांच्या भिवपुरी वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर चालणारा राजनाला कालवा कर्जतच्या पूर्व भागात उन्हाळी शेतीला पाणी देतो, तेव्हा जानेवारीतच भोपळा का लावू नये, असे विचारले जाते. त्या पिकात पावसाचा त्रास नसतो आणि फळही डागविरहित दिसते. पण ते पक्व होते मेअखेरीस, आणि भोपळा सुकायला तीन ते सहा महिने लागतात. म्हणजे हा सगळा काळ पावसाळ्यात जातो आणि फळ आतून कुजते. मृगाचे फळ डागाळलेले असले तरी दिवाळीच्या आसपास पक्व होते आणि पुढे होळीपर्यंतची कोरडी हवा त्याला मिळते. या दोन तालुक्यांत सुकवणीचा हंगाम आधी ठरवावा, लावणीचा मागाहून. देखण्या फळाच्या मोहाने जानेवारीची लावण करू नये.

देठ वाळून तपकिरी झाला आणि सालीत नख रुतेनासे झाले की दोन-तीन बोटे देठ ठेवून फळ कापावे. घाईने तोडलेले फळ सुकताना आक्रसते. ते पडवीत किंवा माळ्यावर, वारा खेळेल असे टांगावे आणि अधूनमधून फिरवावे. कडक उन्हात ठेवल्यास चिरा पडतात. सालीवर काळी-पांढरी बुरशी दिसली की भोपळा नासला असे समजून तो उकिरड्यावर टाकला जातो. हा गैरसमज फार महाग पडतो. वरची पातळ त्वचा निघून जाताना अशी बुरशी येतेच, आणि कवच घट्ट असेल तर तिने बिघडत काही नाही. टाकायचा तो बोटाने दाबल्यावर मऊ लागणारा. हिरवी साल खरवडून सुकवण लवकर उरकते हे खरे, पण कवच नीट पक्व नसेल तर फळ वाकते, तडकते. त्यापेक्षा थांबणे बरे.

फळ हलके झाले आणि हलवल्यावर बिया खुळखुळल्या की सुकवण पुरी झाली. मग ते पाण्यात भिजवून काथ्याने घासावे, पुन्हा वाळवून मगच कापावे. आतल्या गराची धूळ छातीला बाधते, म्हणून कापताना आणि घासताना नाक-तोंड झाकावे. सुकवण पुरी होण्याआधी रोगण लावल्यास ओल आत कोंडून राहते.

या फळातली कडू द्रव्ये विषारी असतात, म्हणून कलेच्या वेलावरचे कोवळे फळही शिजवू नये. दुधी आणि कडू भोपळा यांचा सहज संकर होतो. त्या वर्षीचा दुधी चवीला बिघडत नाही, मात्र त्याच्या बियांतून पुढच्या वर्षी कडू दुधी निघू शकतो. शेजारच्या परसात कोणी दुधीचे घरचे बी राखत असेल तर लावणीपूर्वीच त्यांना सांगावे.