मुकी अक्षरें

‘रात्र’ आणि ‘शिलेदार’ हे दोन्ही अर्थ इंग्रज मनुष्य ‘नाइट’ या एकाच उच्चारानें सांगतो. लिहितांना मात्र शिलेदाराच्या आरंभीं मुका ‘के’ उभा राहतो. विद्यार्थी त्याला निष्कारण जाच समजतात. पण एके काळीं तो उच्चारला जात असे, आणि ‘चाकर’ या अर्थाच्या सगोत्र जर्मन ‘क्नेख्ट’ शब्दांत तो आजहि ऐकूं येतो. आपल्या ‘नांव’ आणि ‘नाव’ यांतील भेदहि असाच अनुच्चारित टिंबानें राखला होता. तें टिंब ‘नाम’मधील ‘म’चा अवशेष. १९६२ च्या नियमांनीं तें गेलें. लेखन सुलभ झालें, पण अभिधान आणि होडी एकरूप झालीं. मुकें अक्षर कानास निरुपयोगी असलें, तरी शब्दाचें कूळ सांगतें. म्हणून खाजगी पत्रांत मी तें टिंब अद्याप देतों.