युरियाची मूठ

स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी सूचना आली, तेव्हा मनात आली ती सज्जातील जळालेली तुळस. लवकर वाढावी म्हणून मीच कुंडीत मूठभर युरिया टाकला होता. विषय रुक्ष खरा. पण आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज मळ्यांतून खताच्या पाट्या वाहतच परदेशी स्थिरावले, हे कसे विसरावे?

येथील पुष्कळांचे पूर्वज मलायाच्या रबरमळ्यांत आले. आमचे पणजोबा सातारा जिल्ह्यातून गिरमिटावर मॉरिशसच्या उसात गेले. काही वर्षांपूर्वी मी ते कराडजवळचे मूळ गाव शोधून काढले. भाऊबंदांपैकी एक वृद्ध आबा उसात युरिया फेकीत होते. “एवढा कशाला, आबा?” असे विचारताच ते म्हणाले, “बाबा, काळोखी आली पाहिजे. आणि स्वस्त आहे ते एवढंच!”

उत्तर चोख होते. भारत सरकारने २०१० साली खतांचे अनुदान पोषणद्रव्यांवर ठरविले, पण युरिया त्यातून वगळला. स्फुरद-पालाश महागले, ४५ किलोची युरियाची गोणी, जीत सुमारे २१ किलो नत्र असते, ती कर वगळता २४२ रुपयांनाच राहिली. पिकाने न घेतलेले नत्र नायट्रेट होऊन विहिरीत उतरते, काही वायुरूपाने हवेत जाते. २०१५ साली देशी युरियाला निंबोळी तेलाचे लेपन सक्तीचे झाले. त्याने नायट्रेट बनणे मंदावते. उपाय चांगलाच, पण किमतीने सैल केलेला हात लेपनाने कसा आवरणार?

सिंगापूरने निराळा मार्ग धरला. जलाशयांचे पाणी शुद्ध राहावे आणि जमीनही मोकळी व्हावी, म्हणून १९८४ साली डुक्करपालन क्रमाक्रमाने बंद करण्याचे ठरले. बेटाला ते साधले, कारण मांस बाहेरून आणता येते. आबांचा ऊस कोठे हलवावा? आणि आपले सारे पाणी तरी कोठे बेटावरचे आहे! १९६२ च्या करारान्वये आपण जोहोर नदीचे पाणी घेतो. एप्रिल २०१९ मध्ये त्या नदीत अमोनिया, म्हणजे नत्राचेच एक रूप, इतका वाढला की तेथील जलशुद्धीकरण थांबवावे लागले. आमच्या नळाला पाणी होते. पलीकडे जोहोरमध्ये मात्र घरोघरी नळ कोरडे पडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कोलंबो येथे नत्राची नासाडी २०३० पर्यंत निम्मी करण्याचा संकल्प झाला.

मलायाच्या रबरमळ्यांत झाडांच्या ओळींमधून शेंगवर्गीय वेली पसरवीत. त्यांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र धरून ठेवतात. ताग त्याच कुळातला. गेल्या पावसाळ्यात उसाआधी ताग गाडला, असे आबांचे पत्र आले. युरिया किती टाकला, ते मात्र त्यांनी लिहिले नाही.