हिशेबी घरातले बीजगणित

व्यापारी घरातील मुलांना गणित वेगळे शिकवावे लागत नाही, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो अगदीच निराधार नाही. जुन्या मोंढ्यातील अडत दुकानांत आणि सराफ्यातील पेढ्यांवर वाढलेल्या ज्येष्ठांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी मुखोद्गत असत. पोत्यांचे वजन, भाव, अडत, हमाली आणि तोलाई यांचा मेळ कागद न घेता घालणारी माणसे अजूनही बाजारात भेटतात. त्यांच्या नातवंडांनाही गल्ल्यावर बसण्याची सवय लहानपणापासून असते. सुटे पैसे परत देताना ही मुले चुकत नाहीत.

हाच मुलगा किंवा हीच मुलगी दहावीला उत्तम गुण मिळवून अकरावी वाणिज्यला प्रवेश घेते. पुढे सी.ए. व्हायचे, असे घरात ठरलेले असते. म्हणून गणित आणि संख्याशास्त्र हा विषय निवडला जातो. पहिल्या चाचणीत मात्र वीसपैकी सहा गुण पडतात आणि घर चकित होते. दुकानात एवढे तरबेज असलेले मूल महाविद्यालयात का अडखळले, याची तीन उत्तरे तयार असतात: अभ्यास केला नाही, शिकवणारे नीट शिकवत नाहीत, किंवा व्यापाऱ्याच्या मुलांना या विषयाची गरजच काय. दिवाळीपर्यंत तिसरे उत्तर जिंकते. ज्या मुलाने सी.ए.चे नाव घेतले होते, ते ‘माझ्याच्याने होणार नाही’ असे म्हणू लागते आणि सतराव्या वर्षी एक वाट बंद होते. मूल मुलगी असेल, तर ती वाट अधिक सहजपणे बंद केली जाते. कारण तिच्यासाठी दुसरा विचार घरात आधीच सुरू झालेला असतो.

प्रत्यक्षात ही तिन्ही उत्तरे बहुधा चुकीची असतात. खरे कारण साधे आहे. हिशेब आणि बीजगणित ही सख्खी भावंडे असली, तरी त्यांचा स्वभाव वेगळा आहे.

हिशेबात सर्व आकडे हाताशी असतात. त्यांच्यावर क्रिया करून उत्तरापर्यंत जायचे असते. बीजगणितात जे ठाऊक नाही, त्यालाच आधी नाव द्यायचे असते. मग ते ठाऊक असल्यासारखे वागून त्याच्याविषयीची विधाने लिहायची आणि त्या विधानांतून ते हळूहळू मोकळे करायचे. हिशेबात वेग हा गुण आहे. बीजगणितात, निदान आरंभी, वेग हा अडथळा ठरतो. तोंडी उत्तर काढण्याची सवय असलेल्या मुलाला पायऱ्या लिहिणे कमीपणाचे वाटते. दोन अज्ञात राशींपर्यंत त्याची युक्ती चालते. तिसरी राशी आली की ती थांबते.

हा फरक समजावणारे एक सुंदर उदाहरण जैन परंपरेतच उपलब्ध आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात, इ.स. ८५०च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या वेरूळच्या क्रमांक ३० ते ३४ या जैन लेण्यांकडे पाहताना ज्या राष्ट्रकूटांचे स्मरण होते, त्याच राजवटीतील हा ग्रंथ. एम. रंगाचार्य यांनी तो १९१२ मध्ये मद्रासहून इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला, आणि १९६३ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून त्याची हिंदी अनुवादासह आवृत्ती निघाली. त्रैराशिक, व्याज, भागीदारी, सोन्याचा कस असे व्यापाऱ्यांच्या रोजच्या व्यवहाराचे विषय त्यात विपुल आहेत.

त्यातील एका उदाहरणाचा आशय असा. तीन व्यापाऱ्यांना वाटेत पैशांची एक थैली दिसते. पहिला म्हणतो, ही थैली मला मिळाली तर तुम्हा दोघांच्या मिळून असलेल्या धनाच्या दुप्पट धन माझ्याकडे होईल. दुसरा म्हणतो, ती मला मिळाली तर माझे धन तुमच्या दोघांच्या तिप्पट होईल. तिसरा म्हणतो, मला मिळाली तर पाचपट. तर थैलीत किती आणि प्रत्येकाजवळ किती?

उत्तम हिशेबनीसही येथे तोंडी उत्तर देऊ शकणार नाही, कारण धरायला एकही रक्कम दिलेली नाही. बीजगणित मात्र शांतपणे नावे ठेवते. तिघांचे धन अनुक्रमे क, ख आणि ग, थैली थ. चारही मिळून एकूण रक्कम म. थैली पहिल्याकडे गेली, तर त्याचे दोन वाटे आणि उरलेल्या दोघांचा मिळून एक वाटा. म्हणजे ख आणि ग यांची बेरीज एकूण रकमेच्या एक तृतीयांश. याच न्यायाने क आणि ग मिळून एक चतुर्थांश, तर क आणि ख मिळून एक षष्ठांश. या तिन्ही बेरजा एकत्र केल्या की प्रत्येकाचे धन दोनदा मोजले जाते आणि ते एकूण रकमेच्या तीन चतुर्थांश भरते. म्हणून तिघांचे धन मिळून तीन अष्टमांश आणि थैली पाच अष्टमांश. एकूण २४ धरले, तर थैलीत १५ आणि तिघांकडे अनुक्रमे १, ३ आणि ५. ताळा पाहावा: १ आणि १५ मिळून १६, ते ३ आणि ५ यांच्या बेरजेच्या दुप्पट. उरलेले दोन ताळे मुलांना करू द्यावेत.

येथे आणखी एक गोष्ट घडते. एकूण रक्कम २४ ऐवजी ४८ धरली, तर थैलीत ३० आणि तिघांकडे २, ६, १० हेही उत्तर बरोबरच ठरते. अज्ञात राशी चार आणि अटी तीन असल्यामुळे उत्तर म्हणून एक ठराविक रक्कम मिळत नाही, मिळते ते प्रमाण. प्रत्येक प्रश्नाला एकच आकडा असतो, या समजुतीने वाढलेल्या मुलाला हा पहिला खरा धक्का असतो. महाविद्यालयातील बीजगणित अशा धक्क्यांनी भरलेले आहे, आणि त्यांची पूर्वकल्पना असली तर ते सोसतात.

त्या पूर्वकल्पनेत काय असावे? अभ्यासक्रम पाहिला तर राज्य मंडळाच्या अकरावी वाणिज्यच्या पुस्तकांत संच व संबंध, फंक्शन, संमिश्र संख्या, क्रमिका व श्रेणी, निश्चयक, क्रमचय व संचय हे विषय येतात. बारावीत तर्कशास्त्र, मॅट्रिक्स, कलन आणि रेषीय नियोजन. सी.ए. फाउंडेशनच्या तिसऱ्या पेपरात शंभरपैकी ४० गुण व्यावसायिक गणिताला, २० तार्किक विचाराला आणि ४० संख्याशास्त्राला आहेत. तेथे चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. म्हणून अंदाजाने ठोकून देण्याची सवय महागात पडते. ज्यांची मुले पदवीसाठी अमेरिकेला जातात, त्यांनाही तेथील अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षी ‘कॉलेज अल्जिब्रा’ याच नावाचा अभ्यासक्रम भेटतो.

दुसरी अपेक्षा अपुऱ्या पायाची. बीजगणितात अडखळलेल्या मुलाची वही पाहिली, तर चूक नव्या धड्यात क्वचितच सापडते. ती अपूर्णांकांच्या बेरजेत, ऋण चिन्हात, घातांकांच्या नियमांत किंवा अवयव पाडण्यात असते. सातवी ते नववीत निसटलेली कडी येथे उघडी पडते. हे लज्जास्पद नाही. जुनी बाकी आहे, ती भरून काढता येते. अकरावीच्या आधीच्या सुट्टीत या चार गोष्टींना महिनाभर रोज अर्धा तास दिला, तर पुढचे निम्मे ओझे हलके होते.

तिसरी अपेक्षा भाषेची. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना समीकरण, चल, सहगुणक हे शब्द येत असतात, पण वर्गात इक्वेशन, व्हेरिएबल आणि कोएफिशियंट ऐकू येतात. विषय समजूनही प्रश्न समजत नाही. दोन्ही भाषांतील शब्दांची जोडयादी वहीच्या मागच्या पानावर केली, तर ही अडचण काही आठवड्यांत मावळते.

चौथी अपेक्षा सातत्याची. या विषयात धडे एकमेकांवर उभे असतात. लग्नसराईत आठवडाभर गावाला जाणे किंवा हंगामात मुलाला दुकानात थांबवून घेणे इतर विषयांत भरून निघते. येथे तो आठवडा पुढचे दोन महिने त्रास देतो.

पाचवी अपेक्षा सर्वांत महत्त्वाची: काही काळ काहीच समजणार नाही. ऋण संख्या स्वभावतः कोणाचाही वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, असे स्वतः महावीराचार्यांनी स्पष्ट नोंदवले आहे. अकरावीत मात्र उणे एकच्या वर्गमुळाला एक नाव देऊन त्याच्यासह सारे गणित पुढे नेले जाते. एवढ्या मोठ्या गणितज्ञाने ज्या दाराशी थांबणे योग्य मानले, त्या दाराशी सोळा वर्षांच्या मुलाने आठ दिवस गोंधळून उभे राहिले, तर त्यात नवल नाही.

उरतो प्रश्न उपयोगाचा. बगदादमध्ये इ.स. ८२०च्या सुमारास अल्-ख्वारिझ्मी यांनी ज्या ग्रंथाने अल्जिब्रा हा शब्द जगाला दिला, त्याचे प्रयोजन त्यांनी वारसा, वाटण्या आणि व्यापार असेच सांगितले होते. आजचे उदाहरण कर्जाचे घ्यावे. दहा लाख रुपये, दरमहा शेकडा एक रुपया व्याज, मुदत १२० महिने. व्याज अखेरपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर मोजले, म्हणजे फ्लॅट दर लावला, तर मासिक हप्ता सुमारे १८,३३३ रुपये. व्याज घटत्या शिलकेवर मोजले तर हप्ता सुमारे १४,३४७ रुपये. बोलण्यात दर एकच, पण दहा वर्षांत फरक सुमारे ४ लाख ७८ हजारांचा. दुसरा आकडा तोंडी निघत नाही. प्रत्येक हप्त्याची आजची किंमत दर महिन्याला १.०१ ने भागली जाते. अशा १२० पदांची भूमिती श्रेणी तयार होते आणि तिची बेरीज दहा लाखांशी समान ठेवून हप्ता काढला जातो. अकरावीतील ‘क्रमिका व श्रेणी’ हा धडा तो हाच. कर्जाच्या कागदावर सही करणाऱ्याला तो येत असेल, तर दर विचारताना तो फ्लॅट की घटता, हेही विचारले जाते.

घराने काय करावे, याचे उत्तर फार अवघड नाही. चाचणीनंतर किती गुण पडले हे विचारण्याआधी, मांडणी कोठपर्यंत बरोबर होती हे विचारावे. परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात. उत्तर चुकूनही बरेच गुण राहतात आणि नुसते बरोबर उत्तर लिहून बरेच जातात. वही तपासताना आजोबांना मॅट्रिक्स येण्याची गरज नाही. ‘ही ओळ वरच्या ओळीवरून कशी आली?’ एवढा एक प्रश्न पुरतो. रोकडवहीतील प्रत्येक नोंदीला पावती मागणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारणे सहज जमावे.

शिकवणीपेक्षा नियम मोठा. रोज पाच उदाहरणे, पायऱ्यांसह, पेनाने; रविवारी त्या आठवड्यात चुकलेली उदाहरणे पुन्हा. तुलना दुकानातील भावंडांशी नको, वर्गातील हुशार मुलांशी तर नकोच. मुलगा आणि मुलगी यांना वेळ व जागा सारखी मिळावी. संध्याकाळी स्वयंपाकघरात मदतीला बोलावली जाणारी मुलगी तेवढ्या अर्ध्या तासाला मुकते.

स्थानांगसूत्रात गणिताचे जे दहा विषय सांगितले आहेत, त्यांत ‘यावत्‌-तावत्‌’ हे एक नाव आहे. पुढील काळातील भारतीय गणितग्रंथांत अज्ञात राशीसाठी हाच शब्द वापरला गेला. ‘जेवढे असेल तेवढे’ असा त्याचा सरळ अर्थ. जे ठाऊक नाही त्याला घाबरून न सोडता, जेवढे असेल तेवढे समजून त्याच्याबरोबर काम सुरू करणे, हीच या विषयाची पहिली पायरी आहे.

विषय प्रत्येकाने शेवटपर्यंत ठेवलाच पाहिजे, असेही नाही. काही मुलांची गोडी वेगळी असते आणि गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेऊन ती उत्तम वाणिज्य शिकतात. पण तो निर्णय पहिल्या चाचणीच्या सहा गुणांवर होऊ नये. जुन्या बाकीची भरपाई झाल्यावर, निदान एक सत्र नियमाने पायऱ्या लिहिल्यावर आणि मुलाशी स्वतंत्रपणे बोलल्यावर तो करावा. नव्या दुकानाचा जम बसायला व्यापारी घर दोन-तीन वर्षे थांबते. बीजगणितासाठी मुलाला सहा महिने देणे, हा त्या मानाने स्वस्त सौदा आहे.